विमानाच्या दर्जाची मेख

तंबूच्या हलक्या मेखांच्या पाकिटावर हल्ली 'विमानाच्या दर्जाचे अ‍ॅल्युमिनियम' असे अभिमानाने छापलेले असते. छापणारा खोटे बोलत नाही. ७०७५ हा जस्त मिसळलेला मिश्रधातू विमानांत खरोखरच वापरतात. फक्त विमानाला कोणी धोंड्याने ठोकत नाही.

शिवाय या धातूची ताकद नावात नसते, उष्णतेच्या संस्कारात असते. टी६ संस्कार झालेला ७०७५ सुमारे ५०० मेगापास्कल ताणापर्यंत कायमचा वाकत नाही. संस्कार न झालेला साधारण त्याच्या पाचव्या हिश्शातच मान टाकतो. रंग, वजन, आकडा दोघांचाही तोच. मुंज लागली की नुसतेच जानवे घातले, हे वरून कळायचे कसे? आणि भट्टीचा खर्च वाचवणारा ते पाकिटावर छापणार थोडाच!

सह्याद्रीतल्या बेसाल्टला तर पाकीट वाचताच येत नाही. वीतभर मातीखाली कातळ लागतो आणि चार-सहा ग्रॅम वाचवल्याच्या आनंदासकट मेख वाकते. तक्रार केली तर उत्तर तयार असते: कठीण जमिनीसाठी जाड पोलादी मेख वापरा. तीही त्यांच्याकडेच मिळते.