टोमॅटोचं प्लास्टर

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ दिवेआगरजवळ किनाऱ्यावर आलं, तेव्हा वारा ताशी १०० किलोमीटरच्या वर होता. पुण्यात आमच्या गच्चीवर त्याची नुसती शेपटी आपटली. पण लॉकडाऊनमध्ये पोटच्या पोरांसारख्या वाढवलेल्या नऊ कुंड्यांना तेवढीही भारी पडली.

संध्याकाळी वर गेलो. एरवी कवायतीला उभी असल्यासारखी ताठ भेंडी पार कलंडलेली. वांग्याच्या पानांची लक्तरं. मिरचीची फांदी नुसत्या सालीवर लोंबत होती. दोन टोमॅटो कमरेत वाकलेले. तिसरा तर टाकीमागच्या मातीच्या ढिगावर सपशेल आडवा. त्याला मी नाडी न बघताच मृत घोषित केलं.

मग वॉर्ड सुरू झाला. वाकलेल्यांना कुल्फीच्या काड्या लावून चिकटपट्टी गुंडाळली. शेजारी मास्क लावून, सहा फुटांवरून भेटून गेले. "आमच्याकडे पण असंच झालं होतं," एक जण म्हणाले. "मग?" "मग काय, गेलं!" रुग्णाला भेटायला जाण्याचा आपला शिष्टाचार झाडांनाही लागू आहे.

मी कात्री घेऊन फाटकी पानं छाटायला बसलो, तोच आई वर आली. तिचं माहेर वादळ आलं त्याच किनाऱ्यावरचं, श्रीवर्धनचं. "लोंबतंय तेवढंच काप. फाटकं पान राहू दे. अर्ध्या हाताने का होईना, रांधतंय ते." मग मी युरियाची पुडी काढली. "अरे, बाळंतिणीला पहिल्याच दिवशी पुरणपोळी वाढतोस? मुळं हललीत त्यांची. बुडाशी माती दाब, बेताचं पाणी घाल. नवा फुटवा दिसला की मग खत."

काठ्या तेवढ्या माझ्या वाट्याला आल्या. जुन्या साडीच्या चिंधीने काठी आणि खोड यांना आठाच्या आकड्यासारखा वेढा घालायचा असतो. आठ इंग्रजी हवा. मराठी आठ एका बाजूने उघडा, त्यातून रोप निसटायचं. मी धोका नको म्हणून दोन्ही आठ मिळून सोळा वेढे घातले. भेंडी आता भूकंपातही हलली नसती. "सैल कर," आई म्हणाली. "वाऱ्यावर थोडं डोललं की बुंधा भरतो."

मामाचा फोन पाचव्या दिवशी लागला. तोवर आई दर तासाला नंबर फिरवत होती आणि मधल्या वेळात माझे वेढे सैल करत होती. मामाच्या वाडीतल्या चाळीस पोफळी मोडल्या होत्या. पोफळीचा शेंडा गेला की काठी-चिंधी काही चालत नाही. नवं रोप लावायचं आणि सुपारीची वर्षानुवर्षं वाट बघायची. हे दोन वाक्यांत उरकून तो म्हणाला, "ताई म्हणाली, तुझी भेंडी आडवी झाली. आता कशी आहे?"

"उभी आहे," मी म्हणालो. उभं असण्याची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

पंधरा दिवसांत वांगं खालून फुटलं. कुल्फीच्या काड्यांतला एक टोमॅटो जगला, एक गेला. टाकीमागचा मृतदेह उचलायला गेलो, तर तो हलेना. मातीला टेकलेल्या खोडाला जागोजाग पांढरी मुळं फुटली होती, शेंडा आपणहून वर वळला होता आणि त्यावर पिवळी फुलं होती. मी तातडीने काठी आणली.

"कोणाला?" आईने विचारलं. "त्याला, की तुला?"