थेट गाभाऱ्यातच उतरवा!

बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीला केदारेश्वराचं चालुक्यकालीन मंदिर आहे. बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं जगाला दिसावीत म्हणून समजा कुणी उत्साही मंडळींनी ‘केदारेश्वर’ नावाचा सबडोमेन काढला, की पुढचा हुकूम ठरलेला: नाव टाइप करताच थेट शिल्पांचंच पान उघडलं पाहिजे, आणि तेही डीएनएसमधूनच, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांच्या नोंदवहीतूनच!

आता डीएनएस पडला १९८३ सालचा सरळमार्गी कारकून. ए रेकॉर्ड विचारा, आयपी क्रमांक सांगेल. सीनेम विचारा, दुसरं नाव सांगेल. तिरक्या रेघेपुढचं काही त्याच्या दप्तरात बसतच नाही. पण आपण सीनेमच्या रकान्यात ‘एचटीटीपीएस’सकट अख्खा पत्ता कोंबणार, आणि वर म्हणणार, ‘थांबा, पसरायला चोवीस तास लागतात.’ चुकीची नोंद पसरली तरी चुकीचीच पसरते, हे कुणी सांगायचं?



तेव्हा मंडळी, डीएनएसमध्ये फक्त सर्व्हरचा पत्ता लिहा आणि पानाकडे वळवणारी ३०१ची नोंद सर्व्हरवर करा. डोमेन विकणारे ‘फॉरवर्डिंग’ म्हणून देतात ती सोयही त्यांच्या सर्व्हरवरूनच चालते.