एक तारा, पण वाचलं शेवटपर्यंत!

पेनेलोपी डग्लस यांच्या २०१३ सालच्या कादंबरीचं नावच ‘बुली’, म्हणजे छळणारा दांडगट, असं आहे. दुकानावर ‘येथे मार मिळेल’ अशी ठळक पाटी; तरी आत शिरून ‘मारलं हो!’ म्हणून बोंब ठोकणारी गिऱ्हाइकं काही कमी होत नाहीत.

गोष्ट अशी. टेट आणि जॅरेड अमेरिकेतल्या हायस्कुलातली, घराला घर लागून, लहानपणीची जिवलग. चौदाव्या वर्षी जॅरेड उन्हाळ्याच्या सुट्टीत बापाकडे जाऊन येतो आणि हात धुऊन तिच्या मागे लागतो. शाळाभर तिच्याबद्दल वावड्या उठवतो, दुसरा मुलगा तिच्याजवळ फिरकणार नाही असा बंदोबस्त करतो. ती वर्षभर फ्रान्सला शिकून परत येते, तर स्वारी हजर! पुढचं सांगितलं तरी रहस्यभंग होत नाही. याला ‘बुली रोमान्स’ म्हणतात.

पुस्तकांना ऑनलाइन तारे देणाऱ्या वाचकांतला पहिला पंथ संतप्तांचा. हा नायक नव्हे, पोलीस केस आहे, असं म्हणून ते एक तारा देतात. मात्र त्याचे अपराध प्रकरणवार इतके तपशिलात मांडतात, की एकही पान सुटलेलं नसणार. दुसरा पंथ पाच तारेवाल्यांचा: बिचाऱ्याचं बालपण फार वाईट गेलं हो! तिसरा पंथ हिशेबनिसांचा, आणि माझा जीव यांच्यावर. यांची छळाला हरकत नाही. तक्रार आहे ती भरपाईची. एवढा छळ करून शेवटी नाक घासलं ते एवढंसंच? डग्लसबाईंनी ‘अंटिल यू’ नावाच्या दुसऱ्या पुस्तकात हीच हकिकत जॅरेडच्या तोंडून सांगितली. शेजारणीला का छळलं, याची कैफियत द्यायला अख्खी कादंबरी लागली.

हल्लीच्या मुलींची अभिरुची बिघडली म्हणणाऱ्यांनी जरा १७४० सालच्या लंडनकडे पाहावं. सॅम्युअल रिचर्डसन या पन्नाशीतल्या छापखानेवाल्याच्या ‘पामेला’त घरधनी पंधरा वर्षांच्या मोलकरणीच्या अंगचटीला येतो, तिची पत्रं पळवतो, तिला दूरच्या वाड्यात कोंडतो. शेवटी लग्न, त्याच्याशीच! उपशीर्षक ‘सद्गुणाचं बक्षीस’ अशा अर्थाचं. पुस्तकाची शिफारस थेट चर्चच्या व्यासपीठावरून झाली, आणि हेन्री फील्डिंगनं १७४१ मध्ये ‘शामेला’ लिहून त्याची यथेच्छ टिंगल केली. वाचकांत तेव्हाही दोन तट पडले होते.

‘वदरिंग हाइट्स’ या कादंबरीतला हीथक्लिफ तर इझाबेलाला पळवून नेताना तिच्या देखत तिची कुत्री टांगतो. वर मागाहून, बाई मला प्रेमकथेचा नायक समजून आली, म्हणून तिलाच हसतो. खलपुरुषानं १८४७ मध्येच स्वच्छ बजावलं होतं. ऐकतंय कोण?

आता बजावण्याचं काम पहिल्याच पानांवर उरकतात. एच. डी. कार्लटन यांच्या ‘हॉन्टिंग अ‍ॅडलीन’च्या (२०२१) सुरुवातीला आत काय काय भयंकर आहे, याची यादीच आहे. ती वाचून पुस्तक खाली ठेवणारे असतीलही. ती दाखवून मैत्रिणीला पुस्तक घ्यायला लावणारे जास्त असावेत, असा माझा संशय.

म्हणून संतप्त मंडळींना हात जोडून विनंती: एक तारा देऊन फुकटची जाहिरात करू नका. पुस्तक पाडायचंच असेल, तर चार तारे द्या आणि खाली लिहा, ‘संस्कारक्षम. आजीसोबत बसून वाचावं असं.’ एक प्रत खपली, तर सांगा.