एच की एक्स?

अमेरिकेतल्या मस्टँग गाडीवाल्यांत दोन पंथ आहेत: एचवाले आणि एक्सवाले. त्यांच्या व्ही-८ इंजिनात अधूनमधून एकाच बाजूची दोन सिलिंडरं लागोपाठ पेटतात, म्हणून धुराच्या दोन नळ्यांतला दाब सावरायला मध्ये एच किंवा एक्स अक्षराच्या आकाराची जोडनळी टाकतात. एच टाकली की गाडी घुमते, एक्स टाकली की किंचाळते. जुने मेकॅनिक नळीवर रंगाचा पट्टा ओढून इंजिन तापवत. रंग जिथवर करपला, तिथे जोड. शास्त्र आहे ते एवढंच! पुढचा सगळा कानाचा मामला. जोडनळीने वाढलेली ताकद मोजायला डायनो नावाचं यंत्र लागतं. वाढलेला आवाज मात्र शेजारी फुकटात मोजून देतात. वर सिग्नलपाशी दोन्ही पंथ सारखेच ताटकळतात. तेव्हा मंडळी, आधी दोन्ही आवाज ऐका, मगच वेल्डरला गाठा.