बेटाचा सरपंच कोण?

बुलडाणा जिल्ह्याला समुद्र नाही, पण खाऱ्या पाण्याची आम्हाला वानवा नाही. दक्षिणेला लोणार आहे. उल्का आदळून काळ्या खडकात पावणेदोन किलोमीटरचा खड्डा पडला आणि त्याच्या तळाशी साठलेलं पाणी ना पिण्याच्या कामाचं, ना डाळ शिजवण्याच्या. उत्तरेला पूर्णेचं खोरं, म्हणजे खारपाणपट्टा. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या कितीतरी गावांत घरासमोर विहीर असते आणि हंडा मात्र दुसरीकडून भरून आणावा लागतो. त्यामुळे लेकीने फ्लोरिडाहून फोन करून, “बाबा, यंदा तुम्हाला जहाजात बसवून समुद्रातल्या बेटावर नेते,” असं सांगितलं, तेव्हा स्पीकरवर ऐकत असलेल्या हिचा पहिला प्रश्न होता, “तिथं प्यायचं पानी कसं हाये?”

पाणी उत्तम होतं. तेवढी बातमी आधीच देऊन टाकतो.

बेटाचं नाव कोकोके. बहामा देशातल्या बेरी नावाच्या बेटांच्या माळेत ते आहे. नकाशातलं जुनं नाव लिटल स्टिरप के. ‘कोको’ हे जहाज कंपनीने केलेलं बारसं. कंपनी रॉयल कॅरिबियन. शेजारचं ग्रेट स्टिरप के हे बेट दुसऱ्या एका जहाज कंपनीने 1977 साली विकत घेतलं आणि तिथून ही टूम निघाली. मग ज्याला त्याला आपलं आपलं बेट हवंसं झालं. डिस्नेने एक घेतलं. एका कंपनीने तर समुद्रातली वाळू काढण्यासाठी वापरलेलं, म्हणजे खाणवाल्यांनी वापरून टाकलेलं बेट घेऊन त्यावर नारळाची झाडं उभी केली.

यामागे हौस आहे तसा कायदाही आहे, आणि तो मला फार आवडला. अमेरिकेत 1886 सालचा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाला तिथल्या एका बंदरातून प्रवासी उचलून दुसऱ्या बंदरात उतरवता येत नाहीत. फिरवून त्याच बंदरात परत आणायचे असतील तरी मध्ये कुठेतरी परक्या देशाचा किनारा लागावा लागतो. आता ही अवाढव्य जहाजं बहुतेक बहामा, पनामा असे झेंडे लावून फिरतात. म्हणजे कुठेतरी थांबणं भागच. मग थांबायचंच तर परक्याच्या बाजारात कशाला, आपल्याच आवारात थांबू, म्हणजे लिंबू सरबताचे पैसेही घरात राहतील, हा हिशेब कोणाही खामगावच्या व्यापाऱ्याने मान डोलवावी असा आहे.

सकाळी जहाज धक्क्याला लागलं. उतरताना कार्ड दाखवलं की यंत्र ‘टिंग’ करतं. पुढे टॉवेल, पुढे छत असलेली गाडी, पुढे जागोजाग पाट्या. 2019 साली या बेटावर 25 कोटी डॉलर खर्चून नवं काम झालं, असं जावयाने सांगितलं. एका टोकाला 135 फुटांची घसरगुंडी. एक हेलियमचा फुगा, त्याला लटकणाऱ्या पिंजऱ्यात बसून 450 फूट वर जाता येतं, दोरी बांधलेलीच असते. त्याचे पैसे वेगळे. घसरगुंडीचे वेगळे. जेवण मात्र तिकिटात, आणि वऱ्हाडी माणसाचा जीव जेवण तिकिटात असलं की अर्धा भांड्यात पडतो.

खरं सांगायचं तर मला हे सगळं ओळखीचं वाटलं. आमच्या शेगावला याहून वेगळं काय आहे? स्टेशनवर उतरलात की संस्थानची बस उभी. पुढे रांग, बारी, पाण्याची सोय, महाप्रसाद, भक्तनिवास, आणि कुठे कागदाचा कपटा दिसणार नाही अशी स्वच्छता. संस्थानचं आनंदसागर उद्यान ऐन भरात होतं तेव्हा तर तिथे तळं होतं, तळ्याच्या मध्यावर बेट होतं, बेटावर कन्याकुमारीच्या स्मारकाच्या धर्तीचं ध्यानमंदिर होतं आणि पोरांसाठी छोटी झुकझुक गाडीसुद्धा होती. दुष्काळी पट्ट्यात माणसांनी खणून केलेलं पाणी आणि त्यात केलेलं बेट! मी हे जावयाला सांगू लागलो, तर तो म्हणाला, “बाबा, इकडे बीच पण आहे ना.” आहे. मान्य.

पण फरक मला दुपारी सापडला, आणि तो समुद्राचा नव्हता. शेगावच्या सेवेकऱ्याला थांबवून, “माउली, कोणतं गाव?” असं विचारलं की तो गाव सांगतो. आठवडाभराच्या सेवेला आलेला असतो, पाठीमागे त्याचं शेत असतं, बैल असतात, सोयाबीनला शेंग धरली की नाही याची काळजी असते. इथे मी ज्याला विचारलं तो या बेटाचा नव्हता. छत्री उघडून देणारा फिलिपिन्सचा. फळं कापणारा इंडोनेशियाचा. छातीवर नावाखाली देश लिहिलेलाच असतो, म्हणजे विचारायचीही सोय ठेवलेली नाही. टोप्या आणि टोपल्या विकायला बसलेली बाई तेवढी बहामाची निघाली, पण तिचंही घर दुसऱ्या बेटावर. संध्याकाळी जहाज निघतं, पाहुणा म्हणून इथे रात्री कोणी राहत नाही.

सव्वाशे-दीडशे एकरांचं बेट. इतक्या रानात आमच्याकडे एक वस्ती, एक मारुती, दोन गट आणि बांधाची चार भांडणं आरामात बसतात. इथे भांडण नाही. पार नाही. कोणाचं लग्न जुळतंय, कोणाचं मोडतंय, कशाची कुजबुज नाही. आराम करायला उत्तम जागा, पण आराम करून झाल्यावर बोलायचं कशावर? खुर्चीवर आडवं पडून मी तासभर निळं पाणी पाहिलं. पाणी इतकं सुंदर की त्याला नावं ठेवायला जागा नाही, आणि नावं ठेवायला जागा नसली की आमची पंचाईत होते.

हिने तोवर गोड्या पाण्याचा तलाव शोधून काढला होता. बहामात सर्वांत मोठा, असं कंपनी सांगते. ही काठावर उभी राहून बोट बुडवून चाखते की काय, अशी मला धास्ती. तिने चाखलं नाही, पण बराच वेळ पाहत राहिली. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधोमध पोहायला गोडं! तिच्या माहेरी, संग्रामपूरकडे, वान धरणाचं पाणी नळाला येईपर्यंत दोन घागरींसाठी बाया पहाटे उठत. “यायले कोनी सांगतलं का, हे पानी पेयाचं असते?” एवढंच म्हणाली आणि मग साडी सावरून पाय सोडून बसली. बसल्यावर मात्र उठेना.

तिथेच तो पोरगा भेटला. गुहागरकडचा, बिल्ल्यावर ‘इंडिया’. हिचं वऱ्हाडी ऐकून ट्रे हातात धरूनच थांबला. “काका, गाव कुठलं?” दिवसभरात हा प्रश्न मला पहिल्यांदा कोणी विचारला. बुलडाणा म्हटल्यावर त्याने तत्काळ, “म्हणजे शेगाव!” म्हणून हात जोडले. त्याची आजी दर्शनाला येऊन गेलेली, कचोरीची आठवण अजून काढते म्हणे. सात-आठ महिने जहाजावर, मग घरी. या बेटावर किती वेळा आला हे त्याने मोजणं सोडलं होतं.

“पाण्यात गेलास का कधी?”

“सुट्टी मिळाली की जातो. पण काका, आमच्या गावाला असाच आहे समुद्र.” आणि इकडेतिकडे पाहून हळूच, “फुकट.”

एवढ्यात हिच्या पायाशी एक कोंबडी आली. मागे तुरेबाज कोंबडा. सकाळपासून बेटावर त्या दिसतच होत्या, खुर्च्यांखालून ऐटीत फिरणाऱ्या, पर्यटकांच्या ताटावर डोळा ठेवून. मला एकदम बरं वाटलं. कार्ड नाही, बिल्ला नाही, जहाजाच्या भोंग्याशी देणंघेणं नाही. सरपंच म्हणून मी त्या कोंबड्याला मनातल्या मनात बिनविरोध निवडूनही दिलं. हिचं लक्ष मात्र निवडणुकीत नव्हतं.

“काहून रे बाबू, ह्या कोंबड्या कोनाच्या?”

“कोणाच्याच नाहीत, काकू. अशाच फिरतात.”

ही थोडा वेळ गप्प बसली. आमच्याकडे बेवारस कोंबडी ही कल्पनाच नाही. चुकून शेजारच्या अंगणात गेली तरी गल्लीला खबर असते.

“मंग अंडी कोन नेते?”

पोरगा ट्रे घेऊन विचारात पडला. चारचा भोंगा वाजला, लोक जहाजाकडे निघाले, लेक लांबून हाका मारू लागली, तरी ही खुर्च्यांखाली वाकून वाकून पाहतच होती.