सातबारा, पाऊस आणि एक्सेल

जालना जिल्ह्याची माहिती कुठूनही निघो, शेवटी ती एक्सेलच्या फायलीत जाऊन पडते. १ मे १९८१ रोजी जिल्हा झाला तेव्हा ती बस्त्यात बांधून कपाटात जायची आणि निदान तिथे तरी आहे तशी राहायची. आता आठही तालुक्यांचा पाऊस, बियाण्यांच्या चाचण्या, मोसंबीच्या बागा आणि रोलिंग मिलचे लोखंड एकाच आखीव कोष्टकात नांदते. या फायलींचा नैसर्गिक शत्रू म्हणजे जालन्याचा संगणक अभियंता. तो साधारणतः हिंजवडीच्या आसपास आढळतो. दिवसा परक्या देशातल्या बँकेचा डेटा धुऊन देतो आणि रात्री गावाकडून व्हॉट्सॲपवर आलेली फाईल उघडून बसतो. याला तो छंद म्हणतो. घरचे काय म्हणतात ते इथे देण्यासारखे नाही.

या छंदातला पहिला अडथळा जमिनीचाच. गाव नमुना सात आणि बारा मिळून होणारा उतारा एक्सेलच्या रकान्यात ७/१२ असा इंग्रजी आकड्यांत लिहून एंटर दाबला की त्याची ७ डिसेंबर होते. संगणक अमेरिकी पद्धतीवर असेल तर १२ जुलै. गट क्रमांक १२/३ हा मार्चचा बारावा दिवस ठरतो आणि गट नऊमधला बहात्तरावा प्लॉट ९/७२ असा लिहिला, तर तो थेट सप्टेंबर १९७२ मध्ये, ऐन दुष्काळात जाऊन पडतो. घाबरून रकाना टेक्स्ट करावा तर तारीख जाते आणि ४५६३३ सारखा आकडा उरतो. वाटणीपत्रात नसलेले हे पंचेचाळीस हजार कुणाच्या नावावर, असा प्रश्न चुलत्यांकडून लगेच येतो.

तो आकडा म्हणजे १ जानेवारी १९०० पासून मोजलेले दिवस. ४५६३३ म्हणजे ७ डिसेंबर २०२४. या मोजणीत २९ फेब्रुवारी १९०० हाही दिवस धरलेला आहे, जो पृथ्वीवर कधी उगवलाच नाही. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅमने १९०० हे लीप वर्ष मानले होते. त्याच्या फायली चालाव्यात म्हणून एक्सेलने ती चूक वडिलोपार्जित जमिनीसारखी, फेरफार न करता, पुढे चालवली.

गावातल्या गावात झाले असते तर अभियंत्याच्या अडाणीपणावर ढकलून मोकळे होता आले असते. पण जगभरचे जनुकशास्त्रज्ञही याच खड्ड्यात पडले. सेप्ट-१ आणि मार्च-१ ही मानवी जनुकांची नावे एक्सेलमध्ये गेली की १ सप्टेंबर आणि १ मार्च होत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एकपंचमांशांत असल्या चुका सापडल्या. शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावे बदलली. सेप्ट-१ चे सेप्टिन-१ झाले. एक्सेलमध्ये हे रूपांतर बंद करण्याची सोय त्यानंतर, २०२३ मध्ये आली. माणसाच्या पेशीतले नाव बदलणे एका प्रोग्रॅमची सवय बदलण्यापेक्षा सोपे निघाले. सातबाऱ्याचे नाव बदलायला अजून कुणी धजावलेले नाही, हे महसूल खात्याच्या लौकिकाला साजेसेच आहे.

दुसरा आणि अधिक जिव्हाळ्याचा विषय पावसाचा. महावेध प्रकल्पात महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसवली गेली. अशा केंद्रातल्या पर्जन्यमापकात बहुधा दोन चिमुकल्या बादल्या असतात. एक भरली की कलंडते, दुसरी खाली येते आणि प्रत्येक कलंडणे मोजले जाते. नरसाळ्यात कोळ्याने जाळे विणले किंवा माती बसली की पाऊस पडतो, पण नोंद होत नाही. चोवीस तासांत मंडळात ६५ मिलिमीटर झाला की अतिवृष्टी. ६४ झाला तर नुसताच पाऊस, मग शेतातली तूर काहीही म्हणो. शिवाय हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो, त्यामुळे मंगळवारी संध्याकाळी भिजलेला माणूस कागदोपत्री बुधवारी भिजतो.

खरी गंमत ‘निरंक’ या सरकारी शब्दात आहे. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य न लिहिता ‘निरंक’ लिहिण्याची पद्धत जुनी आहे आणि एक्सेल सरासरी काढताना अक्षरे वगळते. दहा दिवसांत नऊ दिवस निरंक आणि एक दिवस ५० मिलिमीटर, अशी नोंद असेल तर रोजची सरासरी पाच यायला हवी. एक्सेल पन्नास सांगते. या हिशेबाने जिल्ह्यातल्या तीर्थपुरीला वर्षाला १८,२५० मिलिमीटर पाऊस पडतो आणि बारा हजारांच्या आसपास रेंगाळणारे मौसिनराम दुष्काळग्रस्त ठरते.

गावाची स्वतःची मापे वेगळीच. ‘भुरभुर’, ‘पेरणीजोगा’, ‘बरा झाला’, ‘नाले वाहिले’ अशी ती चढत जातात. अभियंता त्यांचे मिलिमीटरमध्ये कोष्टक करतो, आलेख काढतो आणि वडिलांना पाठवतो. वडील अंगठा दाखवतात आणि विचारतात, दिवाळीला कधी येतोस. आलेखात याचे उत्तर नसते.

ज्यांना जिल्ह्याची फाईल भरायची आहे त्यांनी एवढे करावे: पहिला आकडा टाकण्याआधी गट क्रमांकाचा रकाना टेक्स्ट करून घ्यावा, पाऊस नसेल तिथे शून्य लिहावे आणि यंत्र बंद असेल त्या दिवशी शून्य मुळीच लिहू नये.