शकुंतलेची नकली अंगठी

ज्या गावाला गाडी येत नाही, त्या गावात स्टेशन आणायची टूम हल्ली निघाली आहे. आणायचं म्हणजे बांधायचं. ब्रिटिश अमदानीतलं, कौलारू, बिडाच्या खांबांचं स्टेशन जसं होतं तसंच्या तसं नव्याने उभं करायचं. बागेत, चौकात, नाहीतर बायपासवरच्या हॉटेलाच्या आवारात. समोर आठ-दहा मीटर रूळ, रुळावर ताज्या रंगाचा एक डबा, पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत गावाचं नाव आणि खाली समुद्रसपाटीपासूनची उंची. उंची मात्र अगदी बरोबर लिहिलेली असते, कारण गावात तेवढीच एक गोष्ट बदललेली नसते. घंटाही असते, पितळेची, चकचकीत. छोट्या स्टेशनावर खरी घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा असायचा आणि पोर्टर त्यावर लोखंडी गज हाणायचा. पण रुळाचा तुकडा फोटोत भंगार दिसतो, म्हणून इतिहासाला थोडं पॉलिश करून घ्यावं लागतं. या सगळ्या थाटात एका गोष्टीची प्रतिकृती करायला कुणीच धजावत नाही, ती म्हणजे वेळापत्रक. वास्तविक स्टेशनचा जीव थांब्यात असतो आणि इमारत ही त्या थांब्यावर धरलेली सावली. कोकणातला माणूस निवेदन घेऊन जातो तेव्हा ‘गाडीला थांबा द्या’ म्हणतो. ‘शोभेची कमान द्या’ असं निवेदन कुणी दिल्याचं ऐकिवात नाही.

विदर्भातल्या शकुंतला या छोट्या गाडीचं उदाहरण घ्या. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला, 76 किलोमीटर. दुसरा यवतमाळला, 113 किलोमीटर. वाटेत दर्यापूर, अंजनगाव, कारंजा, दारव्हा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या बंदराकडे न्यायला ही अडीच फुटी रुळांची लाइन घातली गेली. तिच्यामागे किलिक-निक्सन ही ब्रिटिश पेढी होती. कापूस मँचेस्टरला जायचा आणि तो ओढायला इंजिन मँचेस्टरहून यायचं. 1921 साली तिथे घडवलेल्या वाफेच्या इंजिनाने 1994 च्या 15 एप्रिलपर्यंत गाडी ओढली. मग डिझेल आलं. बाकीच्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा ही एवढी लाइन कंपनीच्याच मालकीची राहून गेली. स्वतंत्र भारताची रेल्वे तिच्यावर गाडी चालवत राहिली आणि कंपनीला पैसेही मोजत राहिली. वेग तासाला जेमतेम वीस किलोमीटर. मधल्या स्टेशनांवर माणसं नव्हती, म्हणून गाडीबरोबरची चार-दोन माणसंच तिकीट द्यायची, सिग्नल बघायची आणि इंजिन सोडवून उलट्या टोकाला जोडायची. एवढं सगळं असूनही गाडीला गर्दी असे, कारण तिचं भाडं एसटीच्या भाड्यापुढे नगण्य होतं. आज दोन्ही फाटे बंद आहेत. ब्रॉडगेज करण्याची घोषणा 2016 सालीच झाली. घोषणेला रूळ लागत नाहीत, त्यामुळे ती वेळेवर आली.

आता मूर्तिजापूरचंच मुख्य स्टेशन पाहा. रेल्वेच्या अमृत भारत योजनेत 6 ऑगस्ट 2023 ला देशभरातल्या 508 स्टेशनांच्या पुनर्विकासाची पायाभरणी एकाच दिवशी झाली, महाराष्ट्रातली 44 आणि एकूण खर्च 24 हजार कोटींच्या वर. स्टेशनच्या इमारतीत स्थानिक संस्कृती, वारसा आणि वास्तुकला दिसली पाहिजे, असं योजनेतच म्हटलेलं आहे. 22 मे 2025 ला योजनेतली 103 स्टेशनं एकदम लोकार्पित झाली. महाराष्ट्राच्या वाट्याला 15 आली आणि त्यांत मूर्तिजापूर होतं. तिथे मुंबई-नागपूर मार्गावरच्या गाड्या थांबतात, म्हणून तिथली नवी फरशी वाया गेली असं कुणी म्हणू नये. बाकावर बसणारा प्रवासी खरा आहे. पण स्थानिक वारसा म्हणून त्या स्टेशनला दाखवण्यासारखं जे होतं, ते शेजारच्या अडीच फुटी रुळांवरून यवतमाळला आणि अचलपूरला जात होतं. कालिदासाच्या दुष्यंताला निदान अंगठी पाहून शकुंतलेची आठवण झाली. आपण तिला विसरलो ते विसरलोच, वर सोनाराकडे जाऊन तशीच दिसणारी अंगठी घडवून घेतली आणि शोकेसमध्ये ठेवली. शकुंतला अजून आश्रमात वाट पाहते आहे.

खोट्या स्टेशनांची गंमत अशी, की ती खऱ्याहून जास्त लोकप्रिय होतात. रायगड जिल्ह्यात पनवेल-रोहा मार्गावर आपटा नावाचं छोटं स्टेशन आहे. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ या 1995 च्या चित्रपटातला शेवटचा प्रसंग तिथे चित्रित झाला. पडद्यावर ते पंजाबातलं स्टेशन आहे. तेव्हापासून आपट्याला येणारे हौशी लोक कोकणात उतरून पंजाब शोधतात. कर्नाटकात शिवमोग्याजवळच्या अरसाळूची कथा याहून सरस. आर. के. नारायण यांचं मालगुडी हे गाव अस्तित्वातच नव्हतं. दूरदर्शनच्या मालिकेसाठी त्या काल्पनिक गावाचं स्टेशन अरसाळूला दाखवलं गेलं आणि 2020 साली तिथली जुनी इमारत दुरुस्त करून मालगुडीचं संग्रहालय केलं गेलं. म्हणजे कादंबरीतलं स्टेशन, त्याचं मालिकेतलं सोंग आणि त्या सोंगाचं स्मारक! तरीही अरसाळूवर टीका करताना हात आखडतो, कारण तिथे जुनी भिंत जुन्याच जागी आहे आणि बाजूच्या रुळावरून गाडी जाते. सोंग तरी जिवंत माणसाच्या अंगावर आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: स्मृती जपायच्या नाहीत का? जपायच्या, आणि त्यासाठी जपानकडे बोट दाखवलं जातं तेही योग्यच आहे. टोकियोच्या पश्चिमेला कुनिताची नावाचं उपनगर आहे. तिथलं 1926 सालचं लाल छपराचं लाकडी स्टेशन मार्ग उंचावण्यासाठी 2006 मध्ये उतरवावं लागलं. उतरवलं, पाडलं नाही. शहराने त्याचे वासे-खांब सांभाळून ठेवले आणि 2020 मध्ये त्याच लाकडांतून ते पुन्हा उभं केलं. तिकडेच शिम्बाशीला 1872 साली जपानच्या पहिल्या रेल्वेमार्गाचं स्टेशन झालं होतं. ते 1923 च्या भूकंपानंतरच्या आगीत गेलं, आणि 2003 मध्ये खोदकामात सापडलेल्या पायावर त्याची प्रतिकृती बांधली. तिथेही थोडेसेच रूळ आहेत, त्यावर गाडी नाही. पण या दोन्ही ठिकाणांहून चार पावलं चाललं की खरं स्टेशन लागतं आणि तिथे काही मिनिटांत गाडी येते. ताटात जेवण वाढल्यावर बाजूला चांदीची वाटी मांडली तर कुणाची हरकत नाही. आपल्याकडे पाहुण्याला रिकाम्या पाटावर बसवून फक्त वाटी दाखवायची पद्धत पडते आहे.

दुसरा आक्षेप हिशेबवाल्यांचा. अशा लाइनी आतबट्ट्याच्या असतात, प्रवासी नसतात, मग गाडी चालवायची कशाला? हा आक्षेप प्रतिकृतीच्या बाजूने कसा काय वापरला जातो, हे एक कोडंच आहे. दिवसाला दोनशे माणसं नेणारी गाडी तोट्यात, आणि एकालाही कुठे न नेणारी इमारत मात्र पर्यटनातली गुंतवणूक! शिवाय प्रवासी नसतात ते का, हेही विचारलं पाहिजे. कोविडनंतर कितीतरी छोट्या स्टेशनांवरचे थांबे ‘शून्याधारित वेळापत्रक’ या सुरेख नावाखाली गेले. पॅसेंजर गाड्यांना ‘स्पेशल’ आणि ‘एक्स्प्रेस’ म्हणून दहा रुपयांचं किमान भाडं तीस करण्यात आलं, ते 2024 उजाडेपर्यंत खाली आलं नाही. आधी थांबा काढायचा, मग भाडं तिप्पट करायचं, मग फलाटावर माणसं मोजायला जायचं आणि माणसं सापडली नाहीत म्हणून तिथे सेल्फी पॉइंट काढायचा! पेशंटचा ऑक्सिजन काढून नाडी लागत नाही म्हणावं, तसला हा हिशेब.

छोटी लाइन जिवंत ठेवली तर काय होतं, हे बार्शी लाइट रेल्वेने दाखवलेलं आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी अडीच फुटी लाइन सुरू केली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि 1927 पर्यंत मिरजेला पोचली. हीही शकुंतलेसारखी खाजगी कंपनी, हीही धिमी, आषाढीला वारकऱ्यांनी ओसंडणारी. सरकारने ती 1954 मध्ये ताब्यात घेतली आणि कालांतराने ब्रॉडगेज केली. मग 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला प्यायला पाणी उरलं नाही, तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी निघाली ती याच मार्गाने, सुमारे 340 किलोमीटर. पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर. त्या दिवशी लातूरकरांपैकी कुणी वाटेतल्या स्टेशनांची कमान कोणत्या शैलीतली आहे याची चौकशी केली नाही. कॅलथ्रॉपच्या काळातल्या स्टेशनांची हुबेहूब प्रतिकृती करून रूळ भंगारात विकले असते, तर लातूरला पाण्याचा फोटो पाठवता आला असता.

राहिला तिसरा आक्षेप, आणि तो प्रामाणिक आहे. गाडी आणणं गावाच्या हातात नाही, कमान आणणं आहे. मग जे जमतं ते का करू नये? नगराध्यक्षांना रेल्वे बोर्ड विचारत नाही, कंत्राटदार विचारतो, हे खरंच आहे. मागणाऱ्याला भाकरीऐवजी भाकरीचं चित्र मिळालं आणि ते भिंतीवर छान दिसलं, तर पुढच्या वेळी भाकरी मागायला तो जातच नाही, एवढाच यातला धोका. कमान झाली की फाइल बंद होते. ‘रेल्वेचा प्रश्न मार्गी लागला’ असा फ्लेक्स लागतो. मार्ग कुठे आहे, ते फ्लेक्सवर छापत नाहीत.

तेव्हा हौस भागवायचीच असेल तर अर्धवट नको. प्रतिकृती करायची तर पुरती करा. तिकीटखिडकीत जाड पुठ्ठ्याचं छोटं तिकीट ठेवा, तारीख उमटवणारं लोखंडी यंत्र ठेवा आणि तिकिटावर तेव्हाचंच भाडं छापा. दोन डबे ठेवा, भले डाउन गाडी चार तास लागून अचलपूरला पोचू दे. वीसच्या वेगाची हुबेहूब नक्कल करणं आपल्या यंत्रणेला अजिबात अवघड नाही, त्यासाठी वेगळं प्रशिक्षणही लागणार नाही. डब्यात कापसाचं बोचकं, शाळेतली पोरं, माहेराहून परतणारी लेकुरवाळी आणि दवाखान्याला निघालेला म्हातारा बसू द्या. हे सगळं जमलं की वर कौलं घाला नाहीतर पत्रा टाका, कुणाचं काही म्हणणं नाही.

आणि तोवर कुठे अशा प्रतिकृतीचं उद्घाटन ठरलंच, तर प्रमुख पाहुण्यांना निमंत्रणपत्रिकेत एक ओळ जरूर छापून कळवावी: कार्यक्रमाला कृपया गाडीने यावे, स्टेशन अगदी समोरच आहे.